घराचा मुहूर्त आणि दलाल

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरही त्यातच आले. ‘जिल्हा झाला, आता भाव चढणार; आजच बयाणा द्या,’ असे म्हणणारा दलाल भेटला, तर गृहस्थाने क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. भाव चढेल न चढेल. कागद मात्र आजच पाहता येतात. खसरा व बी-१ कोणाच्या नावे आहे, शेतजमिनीचे डायव्हर्शन झाले आहे काय, हे जो आपण होऊन दाखवितो तोच दलाल धरावा. ‘रजिस्ट्री झाली की संपले’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे, नामांतरण उरतेच. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, नोंदलेल्या प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या दलालासही नोंदणी लागते. आणि करारनामा नोंदविल्यावाचून अशा प्रकल्पाच्या प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

पितृपक्ष टाळून दसऱ्यास बयाणा देण्याची आपली रीत आहे. ती अवश्य पाळावी. मात्र पितृपक्षाचे ते पंधरा दिवस कागद तपासण्यात घालवावेत. कागद निर्दोष ठरतील आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव न मोडता पैसा उभा राहील, तोच खरा मुहूर्त.