पाण्यात उतरावे तरी कोठे?

मे महिना आला म्हणजे पुण्याच्या पश्चिमेकडील धरणांचे काठ शहरवासीयांनी गजबजून जातात आणि त्यामागोमाग कोणी ना कोणी बुडाल्याची वार्ता येते. मे २०२२ मध्ये भाटघरच्या जलाशयात एकाच कुटुंबातील पाच महिला बुडाल्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात खडकवासल्याच्या पाण्यात गोऱ्हे खुर्दजवळ नऊ मुली उतरल्या. ग्रामस्थांनी धाव घेऊन सात जणींना बाहेर काढले, दोघी गेल्या. या वेळी नदीला पूर आलेला नव्हता. पाणी भर उन्हाळ्यातले, वरवर पाहता संथ होते.

अशा प्रसंगी बुडणाऱ्यांच्या माथी बेफिकिरीचा शिक्का मारून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. मद्याच्या धुंदीत पाण्यात उड्या घेणाऱ्या टोळक्यांपुरती ती रास्तही असेल. परंतु घोटाभर पाण्यात पाय भिजवावयास गेलेल्या मुलीने कोणती बेफिकिरी केली? तिला फसविले ते जमिनीने.

सह्याद्रीच्या कुशीतील हे जलाशय निसर्गनिर्मित सरोवरे नव्हेत. ती बुडविलेली खोरी आहेत. त्यांच्या तळाशी भातखाचरे आहेत, बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत आणि मधोमध मूळ नदीचे पात्र, आपल्या दरडी व डोह यांसह, जसेच्या तसे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरते तेव्हा पाण्याची कड डोंगराच्या उतारावर असते. पुढे शेतीसाठी व शहरांसाठी पाणी सुटत जाते आणि ती कड खाली खाली सरकते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले म्हणजे धोका कमी झाला, असा सामान्य समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. काठ जितका मागे हटतो तितका तो जुन्या पात्राच्या जवळ येतो. वीस पावले गुडघाभर पाणी लागते आणि एकविसावे पाऊल दरडीवरून खाली जाते. त्यात उघड्या पडलेल्या गाळाची भर. वरून भेगाळलेला, टणक दिसणारा हा थर पाण्यालगत पाय धरून ठेवतो. शिवाय वरचे पाणी कोमट असले तरी खालचे थंड असते आणि त्या गारठ्याने नवशिक्याचा दम तुटतो.

म्हणून काठ निवडणे ही शोभेची बाब नव्हे. सावली कोठे आहे, मोटार कोठवर जाते, छायाचित्र कोठून चांगले येते, हे प्रश्न नंतरचे. पायाखाली मुरूम वा खडी आहे की गाळ, उघड्या काठाचा उतार एकसारखा आहे की पायऱ्यापायऱ्यांचा, ओढा कोठे मिळतो, जुने पात्र कोणत्या अंगाने जाते, हे आधी पाहावे. भिंत, दरवाजे व पाणी उचलण्याचे मनोरे यांच्या आसपास फिरकूही नये. आणि गावातील मासेमाऱ्यास विचारल्यावाचून पाण्यास पाय लावू नये. शहरी सुशिक्षितास हे विचारणे कमीपणाचे का वाटावे, हे आम्हांस कळत नाही.

परंतु सारा भार नागरिकावर टाकून चालणार नाही. ‘पोहण्यास सक्त मनाई’ एवढी पाटी रोवली की शासनाचे कर्तव्य संपते काय? सबंध काठावर सरसकट मनाई असते तेव्हा ती कोठेच पाळली जात नाही आणि निर्धोक उतार व प्राणघातक दरड यांतला भेदच लोकांना कळेनासा होतो. हे पाणी पिण्याचे आहे, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे काही जलाशय पूर्णतः वगळावे लागतील. तथापि झुरिक शहर आपले बहुतांश पिण्याचे पाणी ज्या सरोवरातून घेते, त्याच सरोवराच्या काठी तेथील नागरिक शतकाहून अधिक काळ सार्वजनिक स्नानगृहांतून पोहत आले आहेत. पिण्याचे पाणी खोलवरून उचलून शुद्ध केले जाते. युरोपीय संघात तर २००६ च्या निर्देशानुसार जाहीर स्नानस्थळांच्या पाण्याची हंगामात तपासणी होते आणि त्याची प्रत लोकांना कळविली जाते.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत. आमच्या धरणांवर मात्र बुडालेल्यास शोधण्यासाठी त्याच गावांतील तरुणांना हाक मारावी लागते, ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. प्रेत काढण्यासाठी ज्याला बोलावता, त्याला प्राण वाचविण्यासाठी आधीच वेतन देऊन काठावर का बसवीत नाही?

प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या काठी एखादी, फार तर दोन स्थळे निवडावीत. तेथे तरंगत्या दोराने हद्द आखावी, जीवरक्षक नेमावेत, पाणी तपासावे. अन्यत्र मनाई खरोखर अमलात आणावी. ही निवड कार्यालयात बसून होणार नाही. तळाची ठेवण वर्षातून एकदाच, मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत, सर्वांत अधिक उघडी पडते. जो उतार आज कोरडा दिसतो, त्यावरच पुढील हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी पाणी असणार. जलसंपदा विभागाने त्याच दिवसांत आपली माणसे मोजणीची साधने घेऊन, गावकऱ्यांना बरोबर घेऊन काठाने चालवावीत. एकदा जून उलटला की हे काम आणखी एका वर्षावर जाते.