जाळाभोवतीची जागा

आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरचा चिंचोळा जिना, कुलपाला बांधलेली भलीमोठी चावी आणि रात्रीपुरती खाट डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याच शब्दाने ओंडक्यांच्या भिंती, उंच छत, दगडी धुराडं आणि त्याखाली धडधडणारा जाळ असं चित्र उभं राहतं. नाताळच्या सुट्टीत तिथल्या लॉजच्या धाटणीच्या रिसॉर्टांची ओढ या चित्रामुळेच असते. बाहेर बर्फ, आत ऊब, आणि बर्फ जितका जास्त तितकी ऊब गोड, असा त्या ओढीचा सरळ हिशेब सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. या इमारतींची ऊब थंडीवर फारशी अवलंबून नाही. एका जाळापाशी अनोळखी माणसांनाही शेजारी बसवणारी रचना आणि माणसाच्या हातांनी केलेलं, डोळ्यांना दिसणारं काम, या दोन गोष्टींतून ती येते. पुरावा हवा तर या लॉजचं मूळ घराणं पाहावं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं ‘ओल्ड फेथफुल इन’ रॉबर्ट रीमर या वास्तुरचनाकाराने आखलं आणि ते १९०४ च्या जूनमध्ये उघडलं. पुढे ज्याची नक्कल गावोगाव झाली, ते हे हॉटेल हिवाळ्यात चक्क बंद असतं. ऑक्टोबरात लागलेली त्याची दारं पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावरच उघडतात. ते बांधताना १९०३-०४ चा ऐन हिवाळा तिथे काढला तो सुतार-गवंड्यांनी. पाहुणे आले ते उन्हाळ्यात, आणि तरीही ‘हिवाळ्यातल्या उबेची जागा’ म्हणून लोकांच्या मनात ठसली ती हीच वास्तू.

यावर कोणी म्हणेल की यलोस्टोनची ती जागा समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच आहे, तिथे जुलैतल्या रात्रीही गारठा असतो, मग जाळ लागणारच. खरं आहे. पण या हॉटेलात पहिल्या दिवसापासून वाफेवर चालणारी तापनव्यवस्था होती आणि विजेचे दिवेही होते. अंग गरम ठेवायला तेवढं पुरेसं होतं. तरीही रीमरने सुमारे ७६ फूट उंचीच्या दालनात ५०० टन दगडाचं धुराडं उभारलं, आणि त्याच्या चार बाजूंना चार मोठ्या व कोपऱ्यांत चार लहान अशा आठ फायरप्लेस ठेवल्या. उघडा जाळ हे खोली तापवण्याचं वाईटच साधन आहे. बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते, खोलीतली गरम हवाही ओढली जाते, चेहरा शेकतो आणि पाठ गार राहते. शेकोटीला किंवा हुरड्याच्या आगटीपाशी बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. पण माणसं सरकत सरकत जवळ येतात ती त्या गार पाठीमुळेच. नळ्यांतून सगळीकडे सारखी पसरलेली उष्णता ज्याला त्याला आपापल्या खोलीत पाठवते. जाळ मात्र मर्यादित जागेतच ऊब देतो, म्हणून ती जागा वाटून घ्यावी लागते. इंधन वाया जातं हा आक्षेप मी नाकारत नाही. म्हणूनच खोलीखोलीत वेगळी फायरप्लेस देणारं रिसॉर्ट मला पटत नाही. खर्च तोच, पण जमाव नाही.

दुसरा आक्षेप नकलीपणाचा. फ्लोरिडात डिस्नेने १९९४ मध्ये ‘वाइल्डरनेस लॉज’ उघडलं ते ओल्ड फेथफुल इनच्याच धर्तीवर. जानेवारीत दुपारचं तापमान वीस अंशांच्या वर असलेल्या प्रदेशात ८२ फूट उंच फायरप्लेस, आणि तिच्या दगडांत ग्रँड कॅन्यनचे थर. हा सगळा देखावा आहे, असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन की १९०४ साली काय होतं? रेल्वे कंपनीच्या पैशाने, रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या इनमधले विजेचे दिवेही मेणबत्तीच्या आकाराचे होते. रानातलं साधं घर हा तिथेही निवडलेला, रचलेला भावच होता. रचलेला असला म्हणून तो खोटा ठरत नाही. दिवाळीतला मुलांचा किल्लाही रचलेलाच असतो. विस्कॉन्सिनमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘ग्रेट वुल्फ लॉज’ या नावाने पसरलेल्या रिसॉर्टांत मुलं दिवसभर छताखालच्या पाण्यात खेळतात आणि संध्याकाळी रात्रीचे कपडे घालून दालनात गोष्ट ऐकायला जमतात. त्या मुलांच्या लेखी ते एकत्र बसणं पूर्ण खरं असतं.

मात्र नकलेचा एक प्रकार मला खुपतो, आणि तिथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे. वाइल्डरनेस लॉजच्या दालनात ५५ फुटी टोटेम खांब आहेत आणि छताला टिपीच्या आकाराची झुंबरं आहेत. टोटेम हे कोरीव खांब अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचे, टिपी हे शंकूच्या आकाराचे तंबू मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचे. त्यांचे मुलूख वेगळे, भाषा वेगळ्या, आणि इथे सगळं एका छताखाली सजावट म्हणून. यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्या डोंगरांत राहणाऱ्या शोशोनी या मूळ रहिवाशांना त्याच दशकात तिथून जावं लागलं. पाहुण्यांसाठी उबदार जागा बांधताना ज्यांच्या चुली विझल्या, त्यांची चिन्हं भिंतीला लावायची असतील तर त्यांचं नावगावही तिथे ठळक हवं.

ऊब कशी बांधावी याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना ऑरेगनमध्ये, माउंट हूडच्या उतारावर सुमारे सहा हजार फुटांवर आहे. मंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून ‘टिंबरलाइन लॉज’ उभं राहिलं, आणि १९३७ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. मधोमध षट्कोनी धुराडं, त्याला खालच्या-वरच्या मजल्यांवर मिळून सहा फायरप्लेस. पण नजर खिळते ती बारीक कामावर. जिन्याच्या कठड्याचे खांब म्हणजे टाकून दिलेले तारांचे खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेले पशुपक्षी. जाळातले ओंडके पेलणारे लोखंडी आधार रेल्वेच्या रुळांतून घडवलेले, आणि जाळापुढची जाळी बर्फात मोटारीच्या चाकांना बांधायच्या साखळ्यांची. जमिनीवरचे गालिचे जंगलकामाच्या छावण्यांतल्या जुन्या ब्लँकेटांच्या आणि गणवेशांच्या पट्ट्यांतून केलेले. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी ज्या कारणाने नव्या रजईपेक्षा उबदार वाटते, तेच कारण इथे आहे. पुढे ते कापडकाम झिजलं तेव्हा १९७५ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ टिंबरलाइन’ ही संस्था स्थापन झाली, आणि बाजारातून नवं आणून टाकण्याऐवजी जुन्या नमुन्यांबरहुकूम पडदे, गालिचे आणि चादरी पुन्हा हातांनीच तयार करायला घेतल्या गेल्या.