वाडीतला उजेड

आगरदांड्याहून फेरीबोट सुटली आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसला की मी दर वेळी लहान होते. डिसेंबर २०२१ मध्येही तसंच. दिघी येईपर्यंत नवऱ्याला तीनदा सांगून झालं, "इकडेच घर घेऊया!" (तो हल्ली उत्तरही देत नाही :-))

तासाभरात दिवेआगर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर पहिल्यांदाच जात होते. आमच्या नेहमीच्या घरामागची वाडी इतकी दाट, की भर दुपारी दिवा लावावासा वाटायचा. आता सगळं उघडं. मी पटकन बोलून गेले, "काकू, उजेड छान येतो हो आता."

"सुपारीच्या रोपाला ऊन नाही सोसत गो," एवढंच म्हणाल्या. नवी रोपं केळीच्या सावलीत लावली होती. ती धरायला पाच-सहा वर्षं तरी जाणार... तोंडातला घास फिरला.

आणि संध्याकाळी समुद्रावर मी पुन्हा खूश! स्वतःचाच राग आला.

मैत्रिणी म्हणायच्या, पडझड बघवत नाही, एवढ्यात जायला नको. मला हे मुळीच पटत नाही. वाडीचं उत्पन्न बुडालं तेव्हा या घरांना पाहुण्यांच्या खोल्या आणि जेवणाचाच आधार होता. आपल्याला वाईट वाटेल म्हणून आपण घरी बसायचं? आणि गेलोच तर खोलीच्या भाड्यात घासाघीस करायची?

असो. निघताना काकूंनी हिशेबात चहा धरलाच नव्हता. त्यावरून आमची चांगली वादावादी झाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या पूर्वीसारख्या ओरडल्या माझ्यावर.