परका शिकारी आणि पंचवीसपट परवाना

अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९७६ साली एल्क नामक मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना रहिवाशास ९ डॉलरांत मिळे; परराज्यातील इसमास मात्र इतर सावजांसह एकत्र परवाना घेणे भाग पडून २२५ डॉलर मोजावे लागत. फिर्याद झाली. फिर्यादींत परक्या शिकाऱ्यांवर पोट भरणारा तेथलाच एक वाटाड्याही होता! १९७८ साली सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, अशी शिकार ही मौज होय, उपजीविका नव्हे; सबब हा भेद घटनाबाह्य नाही. याच कोर्टाने १९४८ साली दक्षिण कॅरोलिनातील कोळंबीच्या होड्यांवरील २५ व २५०० डॉलरांचा भेद रद्द केला होता. तेथे प्रश्न धंद्याचा होता.

रहिवाशास अग्रहक्क असावा, हे आम्हांस मान्य आहे. वर्षभर कळपांचा उपद्रव सोसणारा शेतकरी आणि आठवड्याचा पाहुणा यांस एकाच मापाने कसे मोजावे? परंतु पंचवीसपट ही कोणत्या त्रैराशिकाची रीत? जबर फीने धनिक अडत नाही. अडतो तो शेजारच्या राज्यातील मजूर. जनावरे थोडी असतील तर परक्यांच्या परवान्यांची संख्या आवळून चिठ्ठ्या टाकाव्या, आणि फी रक्षणाच्या खर्चाच्या हिशेबाने घ्यावी.