दोन पेन्शनींचे घर

माझ्या घरात लवकरच दोन पेन्शनी नांदू लागतील. एक, यजमानांच्या माघारी मला मिळते ते कुटुंब निवृत्तिवेतन. दुसरी माझी स्वतःची. ती सुरू व्हायला आता थोडेच महिने उरले आहेत. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. २००५ साली ते गेले आणि २००६ मध्ये, वयाच्या चाळिशीत, अनुकंपा तत्त्वावर मी त्यांच्याच खात्यात रुजू झाले. खाते तेच, नियम मात्र निराळे. १ जानेवारी २००४ पासून नोकरीत येणाऱ्यांना जुनी पेन्शन नव्हती. यजमानांची पेन्शन हा सरकारचा शब्द होता; माझी म्हणजे बाजारात गुंतवलेली पुंजी.

पगारातून दरमहा दहा टक्के कापले जात. ते कुठे जातात, हे मी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी कोसळला, तेव्हा मी खात्याचा उतारा प्रथमच नीट वाचला. सरकारने ठरवून दिलेल्या योजनेत शेअर्सचा वाटा फार तर १५ टक्के, बाकी मुख्यतः रोखे, हे तेव्हा कळले. सगळी रक्कम सरकारी रोख्यांत हलवावी असे वाटले; २०१९ पासून सरकारी रोख्यांचा पर्याय निवडण्याची मुभाही होती. मी ती हलवली नाही. त्यात शहाणपण काही नव्हते. अर्ज कसा करायचा तेच ठाऊक नव्हते! त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत बाजार सावरला. घाबरून हलवली असती, तर शेअर्समधला तोटा कायमचा पदरी पडला असता.

खरी परीक्षा २०२५ मध्ये आली. १ एप्रिलपासून एकीकृत पेन्शन योजना लागू झाली आणि मुदतवाढ मिळत मिळत निवडीची अखेरची तारीख ३० नोव्हेंबर ठरली. जुन्या वाटेवर, म्हणजे ‘एनपीएस’मध्ये, निवृत्तीच्या वेळी ६० टक्के पुंजी हाती येते आणि निदान ४० टक्क्यांचे वर्षासन घ्यावे लागते. मूळ रक्कम वारसाला परत देणारे वर्षासन घेतले, तर ती माझ्या मुलीला मिळेल. पण नेहमीच्या वर्षासनाचा आकडा पहिल्या महिन्यात जो, तोच विसाव्या वर्षी. नव्या वाटेवर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, तीही २५ वर्षांच्या सेवेला. माझी वीस वर्षे. म्हणजे सरासरी ५०,००० असेल तर २०,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. माझ्यामागे मात्र मुलीला त्यातले काही नाही. कुटुंबाचा वाटा फक्त पती किंवा पत्नीला.

‘जास्त कशात मिळेल?’ असे सगळे विचारत. मला वाटते, प्रश्न निराळा आहे: महागाईचे ओझे कुणी वाहायचे? यजमानांच्या पेन्शनीतला महागाईचा भाग वर्षातून दोनदा वाढताना मी पाहिला आहे. डाळ, गॅस, औषधे यांचे भाव चढले तेव्हा तीच माझ्या मदतीला आली. म्हणून मी नवी वाट धरली. मुलगी म्हणाली, “आई, मला पैसे ठेवण्यापेक्षा तू कुणापुढे हात पसरू नकोस.” ज्याचे घर मोठे, कर्ज शिल्लक किंवा प्रकृती नाजूक, त्याने उलट ठरवले तर तो चुकला असे मी म्हणणार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. आयुष्यभराच्या पुंजीचा निर्णय सरकारने कर्मचाऱ्यावर सोपवला. तो समजावून सांगणारे माणूस मात्र आमच्या कार्यालयात नव्हते. एक परिपत्रक आले, फलकावर लागले आणि त्याखाली आम्ही सगळे एकमेकांनाच विचारत उभे राहिलो. पेन्शन ही बक्षिसी नव्हे, कामाचा राहिलेला मोबदला आहे. निवड करायला लावता, तर निदान निवृत्तीच्या पाच वर्षे आधी प्रत्येकाला समोर बसवून त्याचा हिशेब त्याच्याच आकड्यांत मांडून दाखवा. माझ्या टेबलावर उद्या जी बसेल, तिला तरी फलकापुढे उभे राहावे लागू नये.