रांगेचा फायदा सर्वांना... पण कॅज्युअल्टीत नाही!

या वीकेंडला जरा भांडायचं ठरवलंय. आणि भांडण तुमच्याशीच आहे, म्हणजे आपल्यासारख्या, मेडिक्लेमचं कार्ड पाकिटात घेऊन फिरणाऱ्या मंडळींशी.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेल्यावर आपण काय करतो? पहिल्या पाच मिनिटांत "किती वेळ लागेल?" असं तीनदा विचारतो. दहाव्या मिनिटाला "तो आमच्यानंतर आला, मग आधी आत कसा गेला?" म्हणून आवाज चढवतो. पंधराव्या मिनिटाला फोनाफोनी. कुणाचा मेहुणा डॉक्टर असतो, कुणाच्या काकांची ट्रस्टींशी ओळख असते, तेही नसलं तर नगरसेवक आहेतच! आणि हा सगळा राग निघतो कुणावर? दाराजवळच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सिस्टरवर.

माझी मामेबहीण हेच काम करते. कुठे ते सांगत नाही, तिची नोकरी आहे. ती म्हणते, "दादा, रक्ताबिक्ताचं काही वाटत नाही रे आता. 'आमचा पेशंट आधी घ्या' हे ऐकलं की पोटात गोळा येतो."

त्या टेबलाशी जे चालतं त्याला ट्राएज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ निवडणं, वेगवेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे याने नियम घातला होता की ज्याची जखम जास्त गंभीर त्याच्याकडे आधी बघायचं, हुद्दा काहीही असो. दोनशे वर्षांपूर्वी, तोफा चालू असताना, सैन्यासारख्या ठिकाणी हुद्दा बाजूला ठेवायचा विचार झाला. आपल्याला तो एसी हॉलमध्ये बसून जमत नाही.

आज याच्या नीट बसवलेल्या पद्धती आहेत. मँचेस्टरच्या पद्धतीत पाच रंग : लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा, हिरवा असे तीनच ठेवलेत. सिस्टर नाडी बघते, बीपी, ऑक्सिजन, मिनिटाला श्वास किती, माणूस शुद्धीवर कितपत आहे. दोन-तीन प्रश्न विचारते आणि रंग ठरवते. हे सगळं काही मिनिटांत, आणि कानाशी चार नातेवाईक ओरडत असताना.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) ओरडणारा पेशंट तिच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरा असतो. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, शुद्ध आहे. तिला काळजी असते ती गप्प बसलेल्याची. साठीच्या, डायबेटिस असलेल्या एखाद्या बाईंना हार्ट ॲटॅक येतो तेव्हा छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, थोडा दम. "ॲसिडिटी असेल, तुमचं चालू द्या" म्हणत त्या कोपऱ्यात बसून राहतात. अशा पेशंटचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा. आता सांगा, त्यातली सात मिनिटं तुमच्या मुरगळलेल्या पायावरून हुज्जत घालण्यात गेली तर?

ऑफिसात आपल्याला हे व्यवस्थित कळतं. प्रत्येक क्लायंटने स्वतःच्या टिकेटवर पी-वन लिहिलं तर आपण हसतो. कुणाचा मॅनेजर जास्त ओरडतो यावर नंबर लागायला लागले की कँटीनमध्ये तासभर शिव्या घालतो. प्रायोरिटी क्यू इंजिनिअरिंगला शिकलो, त्यावर मार्कही मिळवले. मग ते सगळं ज्ञान हॉस्पिटलच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवतो का आपण?

तुम्ही म्हणाल, "राव, ओरडल्याशिवाय बघतं कोण?" अर्धं खरं आहे. बऱ्याच ठिकाणी ट्राएजला वेगळी सिस्टर नसतेच. तीच केसपेपर बघणार, तीच इंजेक्शन देणार, फोनही तीच घेणार. रंग ठरवायची जबाबदारी तिची, पण अधिकार नाही. वरून फोन आला की हिरवा आधी आत जातो, आणि बाहेर पिवळ्याचा लाल झाला तर पहिला मेमो तिलाच! महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे : डॉक्टर-नर्सवर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण कायदा येणार मार खाऊन झाल्यावर. रात्री दोन वाजता त्या टेबलाशी ती असते आणि फार तर एक वॉचमन.

म्हणून ओरडायचंच असेल तर योग्य गोष्टीसाठी ओरडा. ट्राएजला फक्त तेच काम करणारी सिस्टर हवी. रंगांचा अर्थ भिंतीवर मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलेला हवा. थांबलेल्या पेशंटला ठराविक वेळाने पुन्हा तपासायला हवं. आणि तिने ठरवलेला रंग बदलायचा तर तो डॉक्टरने पेशंटला तपासून, कारण लिहून बदलावा. ट्रस्टींच्या फोनवर नाही. हे व्यवस्थापनाला लेखी विचारा, बिल भरता ना तुम्ही?

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवायला मदत केलीच पाहिजे, पोलिसी सोपस्कार नंतर. म्हणजे उपचाराचा हक्क सगळ्यांना आहे. पहिल्या नंबरचा हक्क कुणाच्या खिशात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी त्या टेबलाशी गेलात तर कधीपासून त्रास आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, ॲलर्जी कशाची, एवढं नीट सांगा आणि बाजूला बसा. थांबलेले असताना पेशंटचा दम वाढला, तो गुंगायला लागला, तर मात्र लगेच उठून सिस्टरला सांगा. त्याला कुणी हुज्जत म्हणणार नाही, उलट तिला तेच हवं असतं. बाकी त्या मेहुण्याचा नंबर फोनमध्येच राहू द्या.