टक्केवारी नको, नावे सांगा

खेड्यातल्या चर्चच्या प्राथमिक शाळेचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक जुन्या आठवणींचा: मिशनच्या शाळेत शिकलो म्हणून चार माणसांत बसलो. दुसरा रडगाण्याचा: पट घटला, अनुदान अडकले, इंग्रजी माध्यमाची बस आमच्या दारावरून मुले उचलून नेते. दोन्हींत तथ्य आहे. मात्र आज शाळेत जी पंचवीस-तीस मुले येतात ती नेमके काय शिकतात, हे दोन्हींतून कळत नाही. जून तोंडावर आला आहे, म्हणून तेवढ्याच प्रश्नाबद्दल बोलू.

वारसा मोठा आहे, यात वाद नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले. तिथली सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. तरी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मिशनऱ्यांची भाटगिरी केली नाही. मिशनच्या काही शाळा उत्तम चालतात हे मान्य करूनही त्या सरकारी शाळांच्या तोडीला येत नाहीत, कारण तशा पगाराचे शिक्षक त्यांना परवडत नाहीत, असे त्यांनी लिहिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याला महिना किमान 12 रुपये मिळायला हवेत, असाही त्यांचा आग्रह होता. गुणवत्तेचा प्रश्न त्यांनी थेट शिक्षकापाशी आणून ठेवला. आजही तो तिथेच आहे.

घटनेच्या अनुच्छेद 30 मुळे आपल्या संस्थांना शिक्षक निवडीची मोकळीक आहे. 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची वाट मोकळी केली. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. कारभार पाहण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे त्याच न्यायालयाने 1958 मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना बजावून ठेवले आहे. म्हणून पहिली गोष्ट नेमणुकीची. दोनशिक्षकी शाळेत एक नेमणूक चुकली की अर्धी शाळा बसली. पाळकांच्या नात्यातले कुणी, कमिटीतल्या कुणाचा शब्द, ‘आपल्याच मंडळीतली आहे, शिकेल हळूहळू’ अशा नेमणुकांची किंमत मुले पाच वर्षे मोजतात. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला तासभर पहिली-दुसरीच्या मुलांत बसवा आणि मागे बसून पाहा. प्रमाणपत्रांच्या फायलीतून जे कळत नाही ते तिथे कळेल.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपल्या शाळांत पाठांतराची सवय जुनी आहे. वचने, गीते, कविता मुले घडाघडा म्हणतात, पाहुणे खूश होतात. त्यात एक धोका लपलेला असतो. दुसरीतले मूल पुस्तक उघडून धडा न अडखळता ‘वाचते’, पण बोटाकडे पाहा. तोंड तिसऱ्या ओळीवर गेलेले असते, बोट अजून पहिलीवरच रेंगाळत असते. त्याला मधल्याच एका ओळीपासून सुरुवात करायला सांगा, ते थांबते. त्याच धड्यातला ‘रस्ता’सारखा अक्षर-अक्षर माहीत असलेला शब्द फळ्यावर वेगळा लिहून दाखवा, जोडाक्षरापाशी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागते. या मुलाला वाचता येत नाही आणि प्रगतिपत्रकात ते कुठेही दिसत नाही. महिन्यातून एकदा, प्रत्येक मुलाला, त्याने पूर्वी न पाहिलेला परिच्छेद वाचायला देणे हा यावरचा साधा उपाय आहे. तीस मुलांना दोन शिक्षक, म्हणजे दोन सकाळींचे काम.

पाठांतर टाकून द्या, असे मात्र नाही. तोंडपाठ गाणे हे वाचायला शिकवण्याचे उत्तम साधन आहे. गाण्याच्या ओळी पट्ट्यांवर लिहा, शब्द कापा, मुलांना पुन्हा जुळवू द्या. शब्द माहीत असल्याने सगळे लक्ष अक्षरांवर राहते. वर्गात सर्व समाजांची मुले असतात. तेव्हा ज्याच्या घरी जे गाणे, ते त्याचे: कुणाचे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले, कुणाचे भजन, कुणाच्या आजीची ओवी. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, हे अनुच्छेद 28 मध्ये स्पष्ट आहे. शिवाय ज्याचे गाणे त्याला दिले की शिकवणेही सोपे होते.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता वेगवेगळ्या शिकवायच्या म्हटल्या तर प्रत्येक वर्ग दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ ‘गप्प बसा, उतारा लिहा’ यातच घालवतो. इयत्तेऐवजी वाचनाच्या आणि गणिताच्या पातळीनुसार गट करा. एक गट शिक्षकासोबत, दुसरा जोडीने सराव करणारा, तिसरा स्वतःच्या कामात, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या परिसरातील छोट्या ग्रामीण शाळांनी बहुवर्ग अध्यापनाची अशी घडी बसवून दाखवली आहे. डिसेंबरमध्ये नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमींना आठवडेच्या आठवडे जातात, हेही याच हिशेबात धरा. नाटकाची संहिता मुलांनी स्वतः वाचून बसवली तर तोही वाचनाचाच तास.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. देश पाहण्यासाठी अशी टक्केवारी लागते. ज्या शाळेत तिसरीत चारच मुले आहेत, तिथे एक मूल म्हणजे 25 टक्के. त्या आकड्याला काहीच अर्थ नाही, त्या मुलाला आहे. मोठ्या शाळेला जे कधीच जमणार नाही ते आपल्याला सहज शक्य आहे: कोण अडले, कुठे अडले आणि त्यासाठी कोण काय करणार, हे नावानिशी सांगणे.

शाळेच्या कमिटीच्या बैठकीत छपराची डागडुजी, कुंपण, वीजबिल हे विषय असतातच. येत्या वर्षी त्यांच्या आधी एक विषय घ्या. वाचता न येणाऱ्या मुलांची नावे मुख्याध्यापकांनी सांगावीत आणि मागच्या बैठकीतली कोणती नावे कमी झाली तेही सांगावे. यादी दोन बैठका हलली नाही, तर फादरांनी किंवा पाळकांनी पालकांना दोष देण्याआधी शिक्षकांना विचारावे, आणि शिक्षकांनी कमिटीला विचारावे की आम्हाला प्रशिक्षण, पुस्तके आणि पूर्ण पगार कधी देणार. दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले, तरच पट टिकवण्याच्या चर्चेला काही अर्थ राहील.